प्रिय रत्नागिरी

आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिका मॅडम होत्या. बाई एकट्याच. नवीन आलेल्या मुलाने चुकून 'मॅडम' अशी हाक मारली तर त्या मान वर करत नसत. 'मॅडम तिकडे बसतात,' असं म्हणून पेनाने समोरच्या टेबलाकडे बोट दाखवल्यासारखं करायच्या आणि पुन्हा वह्यांत डोकं घालायच्या.

मी कराडकडची. रत्नागिरीत गणित शिकवायला म्हणून आले तेव्हा मला बाईंच्या शेजारचं टेबल मिळालं, कारण तिथे बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बाईंच्या डब्यात रोज भात आणि सुकटीची चटणी असायची. डबा उघडला की आमच्यातले दोघंतिघं काहीतरी काम आठवून बाहेर जात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घाटावरची ना गो तू? वास येतो?"

"येतो," मी म्हटलं.

"खरं सांगितलंस, बरं केलंस. बाकीचे 'छे छे' म्हणतात नि व्हरांड्यात जाऊन जेवतात. बस इथेच. होईल सवय."

तेवढ्यावर आमचं जमलं. पुढे सगळी वर्षं मी त्या टेबलावरून हलले नाही.

बाई मराठी शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, सुती साडी, पायात रबरी चपला. निबंध तपासताना त्या कधी 'छान' लिहीत नसत, 'शाबास' लिहीत नसत. मुलाने एखादी गोष्ट अर्धवट सोडली असेल, नुसतेच मोठमोठे शब्द मांडून ठेवले असतील, तर समासात एकच शब्द: 'पुढे?' मुलं त्यांना मागून 'पुढे बाई' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा एक पालक भांडायला आले. मुलीने रात्र रात्र बसून निबंध लिहिला, कौतुकाचा एक शब्द नाही म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कौतुक तुम्ही करा ना घरी. मी ते पूर्ण वाचलंय. दोनदा वाचलंय. त्याच्यापेक्षा जास्त काय करायचं असतं?"

त्यांचं गाव खेड तालुक्यात, लोट्याच्या कारखान्यांपासून जवळ. आई चिरेखाणीवर कामाला होती. जांभ्या दगडाचे चिरे डोक्यावर घेऊन खाणीतून ट्रकपर्यंत. बाई त्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या. धाकटा भाऊ लोट्याला एका कंपनीत शिफ्टवर जायचा. लग्नाचं कोणी विचारलं तर बाई 'राहून गेलं' म्हणायच्या, दुकानातून मीठ आणायचं राहून गेल्यासारखं. मांडवीच्या बाजूला दोन भाड्याच्या खोल्यांत राहायच्या. एका कोनाड्यात बुद्धाची बोटभर मूर्ती, बाकी भिंतीभर पुस्तकं, आणि पुस्तकांच्या मागे ओल.

आणि जालना.

जालना म्हणजे त्यांची मैत्रीण. तिचं नाव मी बाईंच्या तोंडून क्वचितच ऐकलं. "जालना काय म्हणते माहितीये?" "जालनेला हे पटायचं नाही." असंच बोलायच्या. तिकडूनही पत्र यायचं त्याचा मायना 'प्रिय रत्नागिरी' असाच. दोघी कथा लिहायच्या. जालना सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि ड्यूटीतून वेळ काढून लिहायची. कुठल्याशा दिवाळी अंकात दोघींच्या कथा पाठोपाठ छापून आल्या आणि जालनेने संपादकांकडून पत्ता मिळवून बाईंना पहिलं पत्र टाकलं. त्यात दोनच वाक्यं होती. 'तुमची कथा वाचली. शेवटचं पान फाडून टाका, मग ती कथा आहे.'

बाईंचं डोकं फिरलं. दिवसभर चरफडल्या. संध्याकाळी अंक काढून शेवटचं पान सोडून कथा वाचली आणि पान खरंच फाडलं. ते फाडलेलं पान पाकिटात घालून जालन्याला पाठवलं, सोबत लिहिलं, 'फाडलं. आता तुम्ही तुमच्या कथेची पहिली दोन पानं मला पाठवा.' आठवड्याने जालन्याहून दोन फाडलेली पानं आली.

मी शाळेत आले तेव्हा ह्या गोष्टीला पंधरा-वीस वर्षं झाली होती आणि तोवर त्या एकमेकींना भेटल्या नव्हत्या. फोटो नाही, फोन नाही. दोघींकडे मोबाइल आले, नंबर एकमेकींना ठाऊक होते, तरी नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, एवढं काय अडलंय? दोन मिनिटांत बोलणं होईल."

"आवाज ऐकला की माणसाचा राग येईनासा होतो," बाई म्हणाल्या. "मला तिचा राग येऊ दे. तिलाही माझा येऊ दे. त्याच्यावर तर चाललंय."

दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी त्यांना स्कूटीवरून मोठ्या पोस्टात न्यायची. रस्त्यातल्या लाल पेटीवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्यात कावळा घरटं करेल, कोणाला पत्ता लागायचा नाही." पाकीट खिडकीतून आत दिल्यावर सुद्धा क्षणभर तिथेच उभ्या राहायच्या, आतला माणूस ते नीट ठेवतोय का बघत.

आणि जालन्याचं पत्र आलं की उभ्याने वाचायच्या. शाळेच्या पत्त्यावर यायचं, शिपाई टेबलावर आणून टाकायचा. बाई डबा बाजूला सारून, खुर्ची मागे ढकलून उठत, खिडकीपाशी जात आणि वाचत. वाचताना कधी कानशिलं लाल होत. कधी नाकातून हसत. मग माझ्यासमोर येऊन एखादी ओळ वाचून दाखवत. "ऐक. 'पान चारवरचा चंद्र काढ. खाणीवरून दमून आलेली बाई चंद्राकडे बघत नाही, चुलीकडे बघते.' बघ मेलीला! मी खाणीवाल्या बाईची लेक, आणि ही मला सांगते!" मग खुर्चीत बसून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहायच्या. शेवटी म्हणायच्या, "काढते चंद्र."

तेव्हा त्या कादंबरी लिहीत होत्या. चिरेखाणीवरच्या एका बाईची. आईचीच म्हणा. एकेक प्रकरण झालं की जालन्याला जायचं, तिकडून सोलून यायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा जायचं. एक प्रकरण चार वेळा गेलेलं मला माहीत आहे. चौथ्या वेळी उत्तर आलं, 'पान सात ठीक.' बाईंनी त्या दिवशी मला स्टेशनरोडवरच्या हॉटेलात नेऊन मिसळ खाऊ घातली. 'ठीक' हा जालनेचा सगळ्यात मोठा शब्द होता. मला साहित्यातलं फारसं कळत नाही, पण एवढं दिसत होतं, की ह्या बाईला जगात एकच वाचक आहे आणि त्या वाचकाच्या भरवशावर ती उभी आहे. पुस्तक छापलं जाईल का, कोण छापेल, ह्याचं त्यांना काही नव्हतं. "छापायचं ते छापतील नाहीतर नाही. जालनेने ठीक म्हटलं की झालं."

मग बाईंचं अक्षर बारीक होऊ लागलं.

आधी जालनेच्याच लक्षात आलं. 'मुंगीएवढं लिहायला लागलीस, तिकडे कागद महागला का?' बाई हसल्या. पण फळ्यावरही तसंच व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची मोठ्या अक्षरात आणि उजवीकडे जाता जाता बारीक बारीक होत संपायची. मागच्या बाकावरची मुलं ओरडायची. मग डाव्या हाताची बोटं टेबलावर आपोआप हलू लागली, अंगठा आणि बोट एकमेकांवर, विडी वळत असल्यासारखी. मी त्यांना कोल्हापूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी चालायला लावलं, हात पुढे करायला लावले, आणि कंपवात सांगितला. औषधाने ताब्यात राहील, बरा होणार नाही.

परतताना बाई आंबा घाट उतरल्यावर म्हणाल्या, "जालनेला कळवायचं नाही. तू तर मुळीच नाही."

"का पण? त्या नर्स आहेत. काहीतरी सांगतील."

"म्हणूनच नाही," बाई म्हणाल्या.

पण त्यांच्या मनात काहीतरी हललं होतं. त्या वर्षी मे महिन्याच्या आधी त्यांनी स्वतःच पत्र टाकलं, 'ये. एकदा येऊन जा.' मला सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. "तुम्हीच म्हणत होतात ना, भेटायचं नाही म्हणून?"

"हो. पण मला तिला बघायचंय. अजून चालता येतंय, घास तोंडात जातोय, तोवर." आणि मग जरा हट्टाने, "दोन दिवसांनी काय होतंय!"

जालना तेव्हा निवृत्त झाली होती. एसटीने एकटी आली. मी बाईंबरोबर स्टँडवर गेले होते. गाडीतून पिशव्या आधी उतरल्या, ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगा, आणि त्यांच्या मागून एक गोलमटोल, गडगडाटी हसणारी बाई उतरली. बाईंनी मनात कशी कल्पना केली होती कोण जाणे, पण अशी नसणार. दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. "अगं माय, एवढीशी तू?" जालना म्हणाली. "मला वाटलं, एवढी भांडणारी बाई पैलवानासारखी असंल!" आणि बाईंना तिने स्टँडवरच मिठी मारली. बाईंना इतकं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

मी दोन्ही दिवस त्यांच्याकडे जेवायला होते. ते दोन दिवस खरोखर सुखाचे गेले. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढे जे झालं ते कुठल्या भांडणातून किंवा रुसव्याफुगव्यातून झालं नाही. दोघी मांडवीच्या वाळूवर जाऊन बसल्या, पहाटेपर्यंत बोलल्या, जुन्या पत्रांतल्या शिव्या आठवून पोट धरून हसल्या. जालनेने समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. "हे लई झालं बाई," म्हणाली, "एवढ्या पाण्याचं करायचं काय?" आमच्या जालन्याला टँकर मोजतो, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी सुरमईचं कालवण केलं होतं. बाईंचा हात थरथरला आणि वाटीतलं कालवण साडीवर सांडलं. बाई "काही नाही, काही नाही" करत उठायला लागल्या. जालनेने त्यांचा खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. मग स्वतःचं ताट बाजूला सरकवून तिने बाईंच्या ताटातला तुकडा घेतला आणि त्यातले काटे काढायला लागली. आयुष्यात समुद्राचा मासा न खाल्लेली बाई, पण एक काटा राहू दिला नाही. बोटं अशी चालत होती, जशी रोज कोणाचं तरी ड्रेसिंग करताना चालली असतील. बोलणं चालूच होतं, हसणंही. मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्या ताटाकडे बघत होत्या. मग जालनेने सोललेला तुकडा त्यांनी खाल्ला.

निघताना स्टँडवर जालनेने माझा हात धरला, माझा नंबर घेतला आणि हळूच म्हणाली, "तिला जपा हं, पोरी." तिचे डोळे भरले होते. बाई तिकीट खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही, पण पाहिलं असावं.

पुढचं प्रकरण जालन्याला गेलं. उत्तर नेहमीपेक्षा लवकर आलं. बाई नेहमीसारख्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि लगेच परत आल्या. पत्र माझ्यासमोर ठेवलं. "वाच."

'प्रिय रत्नागिरी, प्रकरण फार सुंदर झालं आहे. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. औषध वेळेवर घेतेस ना?'

"चांगलंच लिहिलंय की," मी म्हटलं.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "पान नाही, ओळ नाही. नुसतं सुंदर." मग पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "दमली असेल. प्रवास झाला ना."

दुसरं प्रकरण गेलं. उत्तर आलं, 'तुझी भाषा आता पिकली आहे.' तिसऱ्यावर, 'इतकं लिहितेस ह्या अवस्थेत, ह्याचंच मला नवल वाटतं.' हे वाचून बाई खुर्चीत बसल्या. ते 'ह्या अवस्थेत' त्यांनी नखाने खरवडल्यासारखं केलं. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मग बाईंनी एक गोष्ट केली. नाताळच्या सुट्टीत बसून त्यांनी मुद्दाम एक वाईट प्रकरण लिहिलं.

मी त्यांना ते करताना पाहिलं आहे, म्हणून सांगते. मी भाजी द्यायला गेले होते. त्या जमिनीवर बसून, पाटावर कागद ठेवून, गुडघ्याने कागद दाबून लिहीत होत्या, कारण डावा हात कागद धरायच्या कामाचा राहिला नव्हता. आणि हसत होत्या. "ये गो, बस. बघ, जालनेला ज्याची ज्याची चीड आहे ते सगळं घातलंय. चंद्र आहे. आईला स्वप्न पडतं. मुंबईहून मुलगा अचानक येतो. अश्रूंचे बांध फुटतात, दोनदा. शेवटी आई क्षितिजाकडे बघते." कितीतरी वर्षांनी कोणाची खोडी काढत असल्यासारख्या त्या खुशीत होत्या. त्यांना खात्री होती. आता तिकडून अशी शिवी येईल, की सगळं पुन्हा जागेवर येईल. शनिवारी आम्ही पोस्टात गेलो तेव्हा त्या स्कूटीवर मागे बसून गुणगुणत होत्या.

उत्तर यायला वेळ लागला. पत्र आलं तेव्हा मधली सुट्टी होती. बाई उठल्या, पण खिडकीपर्यंत गेल्या नाहीत. टेबलाच्या कडेला एका हाताने धरून वाचलं. मग मला दिलं नाही, वाचून दाखवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "आवडलं म्हणते. आजवरचं सगळ्यात चांगलं म्हणते."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "बाई, त्यांना तुमची काळजी वाटते. त्यापायी..."

"ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "तिने माशाचे काटे काढले ना, तेव्हाच कळलं होतं."

घंटा झाली. त्या वर्गावर गेल्या. त्या तासाला त्यांनी काही शिकवलं नाही, मुलांना वाचत बसा म्हणाल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या अंधारात बसल्या होत्या. मी दिवा लावला. मग त्या बोलायला लागल्या. त्यांचा आवाज तोवर बारीक झाला होता, जवळ जाऊन ऐकावं लागायचं.

"नर्स आहे ती. माझं अक्षर बारीक झालं ते तिने पहिल्यांदा बघितलं. तिला तेव्हाच समजलं नसेल? असले शेकडो पेशंट बघितले असतील तिने."

"असेल."

"मग 'पान सात ठीक' म्हणाली होती, ते अक्षर बारीक झाल्यावर म्हणाली, की आधी?"

मला आठवेना. त्यांनाही आठवेना. त्यांनी उठून जुनी पत्रं काढली, तारखा बघायला लागल्या, हात थरथरून पत्रं जमिनीवर पसरली. मी गोळा करायला वाकले तर "राहू दे," म्हणाल्या. "बघून काय करायचंय."

"तुम्ही त्यांना सरळ विचारा ना. खरं काय ते सांग म्हणावं."

"ती सांगेल, खरंच आवडलं. मग मी काय समजू? दया आलेल्या माणसाला विचारून काय खरं कळतं?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि समजा खरंच आवडलं असेल. ते प्रकरण! मी मुद्दाम केलेला तो कचरा! मग इतकी वर्षं मी कोणाच्या सांगण्यावरून खोडत होते? चंद्र कोणासाठी काढला?"

मी ते प्रकरण पाठवायच्या आधी त्यांच्याकडून मागून घेऊन वाचलं होतं. त्यांनी मला विचारलं, "तुला कसं वाटलं? खरं सांग. तू सुकटीचा वास येतो म्हणाली होतीस."

खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. मुलगा येतो तिथे मला रडू आलं होतं. मी तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाईंनी कादंबरीला हात लावला नाही. जालन्याला पत्रही टाकलं नाही. शनिवारी मी स्कूटी काढून उभी राहायची, त्या "आज काही नाही" म्हणून चालत घरी जायच्या, पाय घासत, छोटी छोटी पावलं टाकत. तिकडून पत्रं येत राहिली. आधी त्या ती वाचायच्या, बसून. मग न फोडता पिशवीत टाकू लागल्या. निवृत्तीला दोन वर्षं होती, पण वर्गात उभं राहणं जमेना तेव्हा त्यांनी आधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभात सगळ्यांनी कौतुकाची भाषणं केली. बाई समोर बसून ऐकत होत्या. आजाराने चेहऱ्यावरचं हलणं बंद झालं होतं, त्यामुळे त्यांना काय वाटतंय ते कोणालाच कळलं नाही. भाऊ टेम्पो घेऊन आला आणि पुस्तकांसकट त्यांना गावी घेऊन गेला.

जालनेचे मला फोन यायला लागले. मी त्यांना मावशी म्हणायची. "काय झालं गं तिला? हात चालत नसंल तर तू लिहून घे की. माझं काही चुकलं का?" सुरुवातीला मी टाळलं. एकदा त्या फोनवरच रडायला लागल्या, तेव्हा मला राहवलं नाही आणि मी ते मुद्दाम लिहिलेल्या प्रकरणाचं सांगून टाकलं.

पलीकडचं रडणं थांबलं.

"मला ते खरंच आवडलं होतं, पोरी," मावशी म्हणाल्या. "शप्पथ. का आवडलं ते नाही सांगता यायचं. तिला बघून आल्यापासून मला तिचं सगळंच तसं वाटायला लागलंय. मी काय करू?"

पुढच्या सुट्टीत मी बाईंच्या गावी गेले. लोट्याच्या फाट्यावर भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. "ताय बोलत नाय आता फारसं," तो वाटेत म्हणाला. "तुम्ही आलाव, बरं केलंत." हवेत कारखान्यांचा आंबूस वास होता. बाई पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, मागे उशी लावून. मांडीवर टॉवेल. मला ओळखलं, बोटं जरा उचलली. वहिनी बशीतला चहा फुंकून त्यांच्या ओठाला लावत होती.

मी मावशींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी डोळे न मिटता ऐकलं. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, शिफ्ट सुटली होती. ती धूळ खाली बसेपर्यंत त्या तिकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "बाई, एकदा उत्तर द्या. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. भांडायचं तर भांडा. त्या वाट बघतायत."

मला वाटलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "लिही."

मी पर्समधून कागद-पेन काढलं. त्यांचा एकेक शब्द वेळ घेऊन येत होता, मी वाकून ऐकत होते. 'तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. इकडे भात चांगला आला. भाऊ आणि वहिनी माझं सगळं प्रेमाने करतात. तुझ्या सगळ्या कथा मला नेहमीच आवडत आल्या. गुडघ्याची काळजी घे. कळावे, लोभ असावा.'

मी थांबले, आणखी काही येईल म्हणून. त्यांनी मान किंचित हलवली. "झालं. टाक."

"बाई, हे असं..."

"तिला बरं वाटेल," त्या म्हणाल्या.

पत्र मी रत्नागिरीला येऊन मोठ्या पोस्टात टाकलं. टाकायचं की नाही ह्याचा विचार दोन दिवस करत होते, पण ते ठरवणं माझं नव्हतं.

आठवड्याने मावशींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गडगडाटी नव्हता. "पत्र मिळालं. अक्षर तुझं आहे."

"हो. त्यांना लिहिता येत नाही ना आता."

"अक्षराचं नाही म्हणत मी," मावशी म्हणाल्या. "'तुझ्या सगळ्या कथा मला नेहमीच आवडत आल्या.' हे ती मेली तरी म्हणणार नाही. तू तिच्याकडे गेलीस, ती काही बोलली नाही. मग माझी दया आली म्हणून तू घरी बसून हे लिहिलंस. खरं सांग, पोरी."

मी फोन कानाला लावून उभी होते. खाली अंगणात शेजारीण कोळिणीच्या पाटीतले बांगडे निवडत घासाघीस करत होती. पत्रातला शब्द न् शब्द बाईंनी सांगितला होता, आणि हे बाई सोडल्या तर जगात मला एकटीलाच माहीत होतं.

"हो मावशी," मी म्हटलं. "मीच लिहिलं."

"वाटलंच मला." त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला. "ती असं लिहायची नाही."